एक बदली, चार तारखा : परत आलेल्या टीए बिलाचे प्रकरण

बदलीच्या प्रवास भत्त्याचे, म्हणजे टीएचे, बिल परत आले तेव्हा त्यावर एकच ओळ होती : "प्रवास पूर्ण झाल्यापासून ६० दिवसांत देयक सादर नाही. हक्क संपुष्टात. सबब परत." खाली सही आणि १८ जुलै २०२३ ही तारीख. बिल होते ८८,७६० रुपयांचे.

त्यानंतरच्या रविवारी ते गृहस्थ पत्नीसह माझ्या घरी आले. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात ते सहायक आहेत, वेतनस्तर ६. नोव्हेंबर २०२२मध्ये नागपूरहून पुण्याला बदली झाली. मी बरीच वर्षे देयक शाखेत काढली आणि आता निवृत्त आहे. जुन्या ओळखीतले लोक अशी परत आलेली बिले घेऊन अधूनमधून येतात. त्यांनी प्लास्टिकची फाइल टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मॅडम, सगळं गेलं का?" त्यांच्या पत्नी काहीच बोलल्या नाहीत. मुलांच्या नव्या शाळेची फी सोसायटीतून कर्ज काढून भरली होती आणि ते कर्ज या बिलातून फेडायचे ठरले होते, हे मला नंतर कळले.

हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे, कारण यातली चूक दोन्ही बाजूंनी होते आणि रोज होते. कर्मचारी सगळा खर्च एका बिलात बांधतो. शाखा त्या बिलाला एकच तारीख लावते. नियमात मात्र बदली ही एक घटना नाही, अनेक प्रवासांची मोळी आहे आणि मोळीतल्या प्रत्येक काडीला स्वतःची मुदत आहे. ओळख पटेल असे तपशील मी काढले आहेत. आकडे आणि तारखा ठेवल्या आहेत, कारण सगळे प्रकरणच तारखांचे आहे.

घडले काय

४ नोव्हेंबर २०२२ला, शुक्रवारी मध्यान्होत्तर, ते नागपुरातून कार्यमुक्त झाले. १३ तारखेला रेल्वेने पुण्यात पोहोचले आणि १४ला सकाळी रुजू झाले. कुटुंब नागपुरातच राहिले. मोठी मुलगी आठवीत, धाकटा चौथीत. वर्षाच्या मध्यात शाळा बदलायची नाही हे घरात ठरले होते. अवलंबून असलेली आईही नातवंडांजवळच राहिली. ते स्वतः पुण्यात एका खोलीत राहू लागले. कामावर जायला हवी म्हणून मोटारसायकल रेल्वे पार्सलने मागवून घेतली. ती २५ नोव्हेंबरला ताब्यात आली.

एप्रिलमध्ये परीक्षा झाल्या. पत्नी, आई आणि मुले आधी अकोल्याला एका लग्नाला गेली आणि तिथून महाराष्ट्र एक्सप्रेसने ३० एप्रिल २०२३ला पुण्यात उतरली. नागपुरातले घर मेहुण्याने आवरले आणि ट्रक भरून दिला. सामान पुण्याच्या भाड्याच्या घरी उतरले ३ मे रोजी.

मग त्यांनी सगळ्या पावत्या एकत्र केल्या, एक टीए बिल लिहिले आणि २८ जूनला, बुधवारी, नियंत्रक अधिकाऱ्यांच्या, म्हणजे टीए बिल मंजूर करणाऱ्या वरिष्ठांच्या, कार्यालयात दिले. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. त्या वर्षी आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी, २९ जूनला आली होती. सुट्टीच्या आधी हातावेगळे करावे म्हणून घाईने दिले, असे ते म्हणाले. त्या घाईचे मोल पुढे कळेल. बिल तिथल्या ट्रेमध्ये पडून राहिले आणि देयक शाखेच्या आवक नोंदवहीत चढले ७ जुलैला.

शाखेने १३ नोव्हेंबर ते ७ जुलै असे दिवस मोजले आणि बिल परत केले.

साठ दिवस कुठून आले

पूर्वी मुदत एक वर्षाची होती. सामान्य वित्तीय नियम २०१७मधला नियम २९० तेच सांगत होता : भत्ता देय झाल्यापासून वर्षभरात मागणी केली नाही तर हक्क सोडला असे समजायचे. १३ मार्च २०१८ला अर्थ मंत्रालयाच्या व्यय विभागाने कार्यालयीन ज्ञापन काढले आणि वर्षाचे ६० दिवस केले. दौरा, बदली, प्रशिक्षण, निवृत्तीनंतरचा प्रवास, सगळ्यांना तीच मुदत. रजा प्रवास सवलत मात्र त्या आदेशातून वगळलेली आहे. निवृत्तांसाठी १५ जून २०२१च्या आदेशाने ही मुदत पुढे १८० दिवसांची केली, आणि ते योग्यच झाले. निवृत्त माणूस गावी घर बांधून मग सामान हलवतो, त्याला दोन महिन्यांत बिल लिही म्हणणे जाचक होते. सेवेत असलेल्यांना ६० दिवसच राहिले.

आमचे गृहस्थ २००९चे भरती झालेले. त्यांना पहिल्या बदलीच्या वेळी वरिष्ठांनी सांगितले होते, "टीएला वर्षभर मुदत असते, घाई नको." तेव्हा ते खरे होते. कार्यालयात असे तोंडी ज्ञान टिकून राहते आणि आदेश बदलला तरी बदलत नाही. बरे, त्यांनी बदलीचा अग्रिम, म्हणजे आगाऊ रक्कमही घेतली नव्हती. घेतली असती तर समायोजनासाठी शाखेनेच मागे तगादा लावला असता आणि मुदत आपोआप लक्षात राहिली असती. पैसे न मागणारा माणूस इथे तोट्यात गेला.

पण त्या २०१८च्या ज्ञापनात पहिल्या परिच्छेदाच्या पुढेही मजकूर आहे. मी त्यांना तो मोठ्याने वाचायला लावला. कर्मचारी आणि कुटुंबीय वेगवेगळे प्रवास करतील तर प्रत्येक प्रवासाची तारीख वेगळी धरायची आणि ६० दिवस त्या-त्या प्रवासाच्या समाप्तीनंतर मोजायचे. घरसामान आणि वाहन यांचे ६० दिवस मोजायचे ते नव्या ठिकाणी प्रत्यक्ष ताब्यात मिळाल्यापासून. आणि जो अधिकारी स्वतःचा नियंत्रक अधिकारी नाही, त्याच्या बिलाची सादर करण्याची तारीख म्हणजे त्याने ते कार्यालय प्रमुखाकडे किंवा नियंत्रक अधिकाऱ्याकडे दिले ती तारीख. बिल तिथून शाखेत किंवा पुढे वेतन व लेखा कार्यालयात कधी पोहोचले याची शिक्षा त्याला नाही.

त्यांच्या पत्नी तेव्हा पहिल्यांदा बोलल्या. "म्हणजे आमचा प्रवास वेगळा?"

वेगळाच. आम्ही कोऱ्या कागदावर चार तारखा लिहिल्या.

स्वतःचा प्रवास संपला १३ नोव्हेंबरला, मुदत १२ जानेवारी २०२३ला संपली. मोटारसायकल मिळाली २५ नोव्हेंबरला, मुदत २४ जानेवारीला संपली. कुटुंब उतरले ३० एप्रिलला. आदेशात समाप्तीच्या तारखेनंतरचे ६० दिवस म्हटले आहे, म्हणून पहिला दिवस १ मे. मेचे ३१ आणि जूनचे २९ मिळून साठावा दिवस येतो २९ जून, म्हणजे नेमकी ती सुट्टी. सामान मिळाले ३ मेला, त्याची मुदत २ जुलैला संपते.

बिल दिले २८ जूनला. कुटुंबाच्या प्रवासासाठी तो एकोणसाठावा दिवस होता. एक दिवस शिल्लक असताना बिल आत गेले होते. "पण २८ जूनला दिले याला पुरावा काय?" मी विचारले. त्यांनी फाइलमधून एक झेरॉक्स काढली. बिलाच्या पहिल्या पानावर नियंत्रक अधिकाऱ्यांच्या स्वीय सहायकांनी निळ्या शाईत लिहिले होते : "मूळ प्रत मिळाली", खाली आद्याक्षरे, २८/०६. ही झेरॉक्स नसती तर ७ जुलै हीच तारीख राहिली असती आणि कुटुंब, सामान दोन्ही मुदतीबाहेर गेले असते. एका रुपयाच्या झेरॉक्सवर ४१ हजार रुपये तगले.

दुसरा कागद ट्रकची बिल्टी, म्हणजे मालवाहतुकीची पावती. वाहतूकदाराच्या बिलावर तारीख होती ३० एप्रिल, कारण माल त्या दिवशी नागपुरात भरला. शाखेने उद्या तीच तारीख धरली असती तरी बिल मुदतीत होते, तरीही मी बिल्टी उलटी करून पाहिली. मागे ड्रायव्हरने घेतलेली पोच होती : "माल मिळाला, ३ मे, सायं. ६", त्यांची सही, आणि एका कोपऱ्यात "कपाटाची काच फुटली" असे पत्नीच्या अक्षरात. तक्रारीसाठी लिहिलेल्या त्या वाक्यामुळे पोच खरी वाटत होती. कोणीही लेखापरीक्षक ती पाहून शंका घेणार नाही. बदली होणाऱ्या प्रत्येकाला माझे सांगणे असते की बिल्टीच्या पाठीवर तारीख टाकल्याशिवाय ड्रायव्हरला सोडू नका.

मुदतीतला अर्धा

मुदतीचा प्रश्न मिटला की रकमेचा सुरू होतो. इथे मला त्यांना नाराज करावे लागले.

केंद्रीय कर्मचाऱ्यांचे तेव्हाचे प्रवास भत्त्याचे दर सातव्या वेतन आयोगानंतर, १३ जुलै २०१७च्या ज्ञापनाने आले आणि १ जुलै २०१७पासून लागू झाले. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांचे नियम वेगळे आहेत, त्यांनी यातले आकडे आपल्याला लावू नयेत. वेतनस्तर ६ ते ११साठी घरसामानाची मर्यादा ६,००० किलो, आणि रस्त्याने नेल्यास किलोमीटरला ५० रुपये. वेतनस्तर ५ला ३,००० किलो आणि २५ रुपये, ४ आणि त्याखाली १,५०० किलो आणि १५ रुपये. महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की हे दर २५ टक्क्यांनी वाढवायची तरतूदही त्यातच आहे. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेला १ जानेवारी २०२४पासून, म्हणून या प्रकरणाला जुना दरच लागतो.

अंतर धरले ७१५ किलोमीटर. गुणिले ५० म्हणजे ३५,७५०. वाहतुकीचे करासह बिल होते ३६,८००. प्रत्यक्ष खर्च आणि मर्यादा यांतले कमी ते मिळते, म्हणून १,०५० रुपये गेले. त्याच वाहतूकदाराचे पॅकिंग आणि हमालीचे वेगळे बिल होते ६,५०० रुपयांचे, आणि रेल्वे स्थानकापर्यंतच्या रिक्षा-टॅक्सीचे ७५०. हे दोन्ही मिळत नाहीत. पॅकिंगसारखा किरकोळ खर्च, घर ते स्थानक हा प्रवास, हे सगळे बदलीनिमित्त एकरकमी मिळणाऱ्या संयुक्त बदली अनुदानात, म्हणजे सीटीजीमध्ये, आधीच धरलेले आहे.

"पण खर्च तर झालाय," ते म्हणाले. झाला आहे, मलाही मान्य आहे. मात्र मुदतीच्या मुद्द्यावर आपली बाजू भक्कम असताना न मिळणारे ८,३०० रुपये बिलात ठेवले तर शाखेला नवी हरकत घ्यायला जागा मिळते आणि मिळणारे पैसेही अडकतात. ते स्वतःहून कमी करा, असे मी सांगितले. बिल ८०,४६० रुपयांवर आले. वाद कमी केला की निकाल लवकर लागतो, हे मी शाखेत बसून पाहिले आहे.

कुटुंबाच्या प्रवासात दोन गोष्टी होत्या. पहिली सहा महिन्यांची. केंद्राच्या पूरक नियमांतल्या (सप्लिमेंटरी रूल्स) नियम ११६ प्रमाणे कुटुंबीय बदलीनंतर सहा महिन्यांत आले किंवा एक महिना आधी गेले तर ते सोबतच आले असे मानतात. ४ नोव्हेंबर धरा की १४ नोव्हेंबर, ३० एप्रिल सहा महिन्यांच्या आत बसतो. मुलांच्या परीक्षेसाठी मागे राहणाऱ्यांना हीच सवलत उपयोगी पडते. आणि इथेच गोंधळही होतो : कुटुंबाला यायला सहा महिने मिळतात, म्हणून स्वतःच्या बिलालाही सहा महिने आहेत, असे लोक धरून चालतात. दुसरी गोष्ट अकोल्याची. कुटुंब जुन्या मुख्यालयातून, म्हणजे आधीच्या नेमणुकीच्या गावातून, न निघता दुसरीकडून निघाले तर भाडे मिळते, फक्त जुन्या मुख्यालयापासून नव्यापर्यंतच्या भाड्याच्या वर नाही. अकोला–पुणे भाडे नागपूर–पुण्यापेक्षा कमीच आहे. एसी टू टायरची चार तिकिटे, ५,३२० रुपये, पात्रतेच्या श्रेणीत. पूर्ण मिळायला हवे.

म्हणजे मुदतीतले : ५,३२० आणि ३५,७५०, एकूण ४१,०७०.

मुदतीबाहेरचा अर्धा

उरले स्वतःचे भाडे १,२९०, मोटारसायकलचे पार्सल २,१८० आणि सीटीजी. मुख्यालयांतले अंतर २० किलोमीटर किंवा अधिक असेल तर सीटीजी मागील महिन्याच्या मूळ वेतनाच्या ८० टक्के. ऑक्टोबर २०२२चे मूळ वेतन ४४,९००, म्हणून ३५,९२०. हीच मोठी रक्कम.

सीटीजीची तारीख कोणती यावर आमची बरीच चर्चा झाली. सीटीजी बदलीच्या घडामोडीसाठी आहे आणि घर हलले ते मेमध्ये, तेव्हा सामानाची तारीखच धरावी, असा त्यांचा आग्रह होता. वाचायला बरे वाटते. पण मी शाखेत असते तर ते मान्य केले नसते. अनुदान कर्मचाऱ्याच्या बदलीवर देय होते, ते मिळायला सामान येण्याची वाट पाहावी लागत नाही. रुजू झाल्यावर लगेच ते मागता आले असते. ओढूनताणून अर्थ लावण्यापेक्षा ते मुदतीबाहेर आहे हे मान्य करून सरळ वाटेने जावे, असे माझे मत पडले.

ती वाट त्याच ज्ञापनात आहे. ६० दिवसांपेक्षा जास्त रखडलेल्या मागणीची विभागप्रमुखांनी चौकशी करायची. कागदपत्रांवरून मागणी खरी आहे आणि उशिराला सबळ कारण आहे अशी खात्री झाली तर नेहमीच्या तपासणीनंतर ती द्यायची. "हक्क संपुष्टात" लिहून शाखेने फाइल बंद केली, पण तो अधिकार शाखेचा नव्हताच. तिचे काम विभागप्रमुखांकडे टिपणी पाठवण्याचे होते. या एका ओळीमुळे माझे मन सर्वांत जास्त दुखावले. बिल नामंजूर होऊ शकते, पण कर्मचाऱ्याला पुढचा दरवाजा आहे हे न सांगता ते परत करणे बरोबर नाही.

सबळ कारण मात्र हवे होते. "मला वर्षभर वाटले" हे कारण नाही, आदेश चार वर्षे जुना होता. मी विचारले, नोव्हेंबर ते जानेवारीत तुम्ही या बिलाबद्दल कोणाशी काही बोललात का? ते म्हणाले, बोललो होतो, पण तोंडी. पत्नीने आठवण करून दिली : "अहो, एलपीसीचं मेल नव्हतं का?"

होते. नागपूर कार्यालयाने अंतिम वेतन प्रमाणपत्र, म्हणजे एलपीसी, पाठवायला उशीर केला होता. ते पुण्याला आले १७ फेब्रुवारी २०२३ला. दरम्यान त्यांनी पुण्यातल्या प्रशासन शाखेला ईमेल करून विचारले होते की एलपीसीशिवाय सीटीजीचे बिल देता येईल का. २० डिसेंबर २०२२ला संबंधित सहायकाचे उत्तर आले होते : एलपीसी आल्यावर कुटुंब व सामानासह एकत्रित देयक सादर करावे.

दोन ओळींचे उत्तर. पण तारीख पाहा. २० डिसेंबर म्हणजे १२ जानेवारीच्या आधी. मुदत जिवंत असताना त्यांनी लेखी विचारले आणि कार्यालयानेच लेखी सांगितले की थांबा, एकत्र द्या. उशीर त्यांच्या निष्काळजीपणाचा राहिला नाही. सल्ला चुकीचा होता, पण तो कार्यालयाचा होता.

अर्ज आणि उत्तरे

२६ जुलैला त्यांनी कार्यालय प्रमुखांना दोन स्वतंत्र अर्ज दिले. हे मी मुद्दाम करायला लावले. एका अर्जात मुदतीतली ४१,०७०ची मागणी, चार तारखांचा तक्ता, २८ जूनच्या पोचेची प्रत, बिल्टीच्या दोन्ही बाजू आणि तिकिटे. यात विनंती फक्त एकच : शाखेने ज्ञापनातल्या प्रत्येक प्रवासाच्या तरतुदीप्रमाणे फेरतपासणी करावी. दुसऱ्यात मुदतीबाहेरची ३९,३९०ची मागणी विभागप्रमुखांकडे पाठवण्याची विनंती, ईमेलची प्रत आणि एलपीसीच्या आवकेची तारीख. दोन्ही एकत्र केले असते तर हक्काची रक्कम दयेच्या रकमेसोबत विभागप्रमुखांच्या टेबलावर महिनोन् महिने थांबली असती.

अर्जाची भाषा साधी ठेवली. पहिल्या मसुद्यात त्यांनी "अन्याय", "मानसिक त्रास" वगैरे लिहिले होते. त्रास झाला होता, खोटे नव्हते. पण टिपणी लिहिणाऱ्याला तारीख, नियम आणि कागद लागतो. तो मजकूर काढून टाकला आणि अर्ज एका पानात बसला.

शाखेने मुदतीचा मुद्दा मान्य केला आणि नवी हरकत काढली. वार्षिक बदलीच्या वेळी त्यांनी पर्यायांच्या फॉर्मवर पुणे दुसऱ्या क्रमांकावर लिहिले होते. मग ही बदली स्वतःच्या विनंतीवरून नाही का? तसे असेल तर पूरक नियम ११४ प्रमाणे प्रवास भत्ताच मिळत नाही. हरकत गंभीर होती, ती संपूर्ण बिल खाऊन गेली असती. पण नागपुरातला त्यांचा कार्यकाल पूर्ण झाला होता आणि बदली होणारच होती. कुठे जायला आवडेल असे प्रशासनाने विचारल्यावर दिलेले उत्तर म्हणजे बदलीची विनंती नव्हे. यावर वाद न घालता त्यांनी बदली आदेश काढणाऱ्या कार्यालयालाच लिहिले. तिथून चार ओळींचे पत्र आले : नियतकालिक बदली, लोकहितार्थ. हरकत मागे घेतली गेली. आदेशात सुरुवातीलाच हे शब्द असते तर पंधरा दिवस वाचले असते. बदलीचा आदेश हातात पडला की ते शब्द आहेत का पाहावे आणि नसतील तर कार्यमुक्त होण्याआधीच विचारावे.

४१,०७० रुपये ऑगस्टच्या शेवटी खात्यात आले. सोसायटीचे कर्ज फिटले.

दुसऱ्या अर्जावर विभागप्रमुखांच्या कार्यालयाने एक प्रश्न विचारला, आणि तो रास्त होता : एलपीसी १७ फेब्रुवारीला आले, मग जूनपर्यंत का थांबलात? उत्तर त्याच ईमेलमध्ये होते. कार्यालयाने नुसती एलपीसीची नाही, कुटुंब आणि सामानाचीही वाट पाहायला सांगितले होते, आणि ते आल्यापासून ६० दिवसांत बिल दिले गेले. ऑक्टोबरमध्ये निर्णय आला. स्वतःचे भाडे आणि सीटीजी मंजूर, ३७,२१० रुपये. मोटारसायकल नामंजूर.

मोटारसायकलचे कारण मुदत नव्हते. पावती नव्हती. बदलीच्या खर्चाला मूळ पावती लागते, आणि रेल्वे पार्सल सोडवताना मूळ पावती पार्सल कार्यालयात जमा करावी लागते. त्यांनी ती जमा केली आणि गाडी चालवत घरी आले. त्यांच्याकडे राहिला मोबाइलमध्ये काढलेला फोटो, ज्यात पावतीचा क्रमांक अर्धा अंगठ्याखाली झाकला होता. पार्सल सोडवण्याआधी पावतीची साक्षांकित प्रत काढून ठेवली असती किंवा पार्सल कार्यालयाकडून रकमेचा दाखला मागून घेतला असता तर काम झाले असते. वर्ष उलटल्यावर दाखला मिळवायला ते दोनदा जाऊन आले, मिळाला नाही. तिसऱ्यांदा जाऊ नका, असे मीच सांगितले. २,१८० रुपयांसाठी तीन अर्धी रजा जाते.

८०,४६०पैकी ७८,२८० मिळाले.

फाइल परत देताना मी रुजू अहवाल पुन्हा एकदा पाहिला. ४ नोव्हेंबरला मध्यान्होत्तर कार्यमुक्त, १४ला मध्यान्हपूर्व रुजू. हजार किलोमीटरपर्यंतच्या बदलीला रुजू होण्याचा काळ दहा दिवसांचा असतो. त्यांनी नऊ वापरले होते. न वापरलेला दिवस अर्जित रजेत जमा होतो, पण सेवापुस्तकाच्या झेरॉक्समध्ये तशी नोंद नव्हती. त्याचा अर्ज तिथेच, माझ्या टेबलावर, तीन ओळींत लिहिला. डिसेंबरमध्ये त्यांच्या पत्नीचा फोन आला : नोंद झाली, एक दिवस जमा.